गाळाचा खडक कसा घडतो आणि त्याला नाव कसे द्यायचे: वर्धा खोऱ्यातील कोअरच्या आधारे

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. गाळाचे खडक नेमके कसे घडतात, पाठ्यपुस्तकातील त्यांचे तीन गट प्रत्यक्ष कामात पुरतात का, आणि हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर एकावर एक आडवे थर डोळ्यांना दिसत असताना त्याला 'स्तरित खडक' का म्हणत नाहीत. तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन्ही उत्तरांची वाट तिथूनच जाते.

'स्तरित खडक' हा शब्द शालेय पुस्तकांत रुळलेला असला तरी मला तो कधीच आवडलेला नाही. सह्याद्रीतील थर हे लाव्हाच्या प्रवाहांचे आहेत. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी पातळ, वाहता लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर पडून दूरवर पसरला, थिजला आणि त्यावर पुढचा प्रवाह आला, म्हणून त्या कड्यांना पायऱ्यांचे रूप मिळाले. तेथील द्रव्य वितळलेल्या अवस्थेत आले आणि जागच्या जागी स्फटिकरूप झाले, त्यामुळे तो अग्निजन्य खडक. उलट प्रवाळभित्तीपासून बनलेल्या चुनखडकात किंवा हिमनदीने टाकलेल्या दगडगोट्यांच्या राशीत थर शोधूनही सापडत नाही, तरी ते गाळाचेच खडक होत. म्हणून थर आहे की नाही हे पाहण्याआधी मी खडकाला चार प्रश्न विचारतो: हे द्रव्य कुठून सुटले, ते घन कणांच्या रूपात आले की पाण्यात विरघळून आले, ते इथे का थांबले, आणि थांबल्यावर ते कशाने बांधले गेले. गाळाच्या खडकांचे सगळे वर्गीकरण या चार प्रश्नांच्या उत्तरांतून उभे राहते.

माझे बहुतेक आयुष्य वर्धा खोऱ्यातील बोअरहोलमधून निघालेले कोअर, म्हणजे ड्रिलने काढलेले खडकाचे दंडगोल, पाहण्यात गेले, म्हणून उदाहरणेही तिथलीच देतो. चंद्रपूर-वणी परिसरात खोल ड्रिलिंग केले आणि शेजारच्या दोन-तीन बोअरहोलची माहिती जोडली, तर वरून खाली साधारण असा क्रम मिळतो: काळी माती, काही भागांत बेसाल्ट, त्याखाली लमेटा, मग कामठी, मोटूर, कोळसा असलेला बराकर, गोंडवन नावाच्या प्राचीन भूखंडाच्या काळातील थरांपैकी सर्वांत जुना तालचीर, आणि शेवटी पैनगंगा चुनखडक. लमेटापासून तालचीरपर्यंतची ही थरांची नावे आहेत. यातील काळी माती आणि बेसाल्ट सोडले तर बाकीचे सगळे गाळाचे खडक. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग बेसाल्टखाली झाकलेला असल्याने आपल्याकडे गाळाचे खडक नाहीतच असा समज होतो, तो विदर्भाच्या पूर्वेकडे गेल्यावर पहिल्याच दिवशी गळून पडतो.

आता घडण्याची प्रक्रिया पाहू. तिची सुरुवात विदारणापासून होते, आणि माझ्या मते विद्यार्थी सर्वांत कमी लक्ष देतात ते याच टप्प्याकडे. ग्रॅनाइटसारखा खडक उघड्यावर पडला की त्यातील खनिजे सारख्या वेगाने झिजत नाहीत. क्वार्ट्झवर पावसाच्या पाण्याचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही, म्हणून तो वाळूच्या कणांच्या रूपात शिल्लक राहतो. फेल्स्पारचे हळूहळू चिकणमातीच्या खनिजांत रूपांतर होते. त्या रूपांतरात मोकळे झालेले कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम पाण्यात विरघळून निघून जातात. म्हणजे पुढे वालुकाश्म, शेल (चिखलाचा, पापुद्र्यांनी सुटणारा खडक) आणि चुनखडक असे जे तीन मोठे प्रकार आपण शिकतो, त्यांच्या वाटा डोंगराच्या माथ्यावरच वेगळ्या झालेल्या असतात. कोणते खनिज आधी हार मानते याचा क्रम गोल्डिच यांनी 1938 मध्ये मांडला. तापलेल्या शिलारसातून जे खनिज लवकर स्फटिकरूप होते ते पृष्ठभागावर लवकर कुजते, असा त्याचा साधारण आशय आहे. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळपास नसल्यामुळे त्याच्या विदारणातून पांढरी वाळू न मिळता आपली भेगाळणारी काळी माती मिळते. हाच प्रदेश उद्या खचून गाळाखाली गाडला गेला, तर त्यातून बहुतांशी पंकाश्म, म्हणजे चिखलाचा खडकच बनेल.

वाहतुकीचा टप्पा कणांची प्रतवारी करतो. नदीचा वेग मंदावला की जड गोटे आधी बसतात, मग वाळू, आणि शेवटी संथ पाण्यात चिखल. मात्र उचलण्याचा नियम बसण्याच्या नियमासारखा सरळ नाही. युल्स्ट्रॉम यांनी 1935 मध्ये दाखवले की एकदा बसलेली बारीक चिकणमाती उचलायला वाळूपेक्षा अधिक वेगाचे पाणी लागते, कारण तिचे कण एकमेकांना चिकटलेले असतात. वाऱ्याने आणलेली वाळू नदीच्या वाळूपेक्षाही एकसारख्या आकाराची असते. हिमनदी मात्र काहीच निवडत नाही. घराएवढा धोंडा आणि पिठासारखी माती ती एकत्रच वाहून नेते आणि बर्फ वितळला की एकत्रच टाकते.

तालचीर थर कोअरमध्ये आला की हे लगेच कळते. हिरवट, बारीक चिखलात मुठीएवढे, डोक्याएवढे दगड कसेही रुतलेले दिसतात, आणि ते दगडही एका जातीचे नसतात: ग्रॅनाइट, क्वार्ट्झाइट, चुनखडक असे निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले. चंद्रपूरच्या पश्चिमेस, पैनगंगेच्या खोऱ्यात, इरई येथे या थराखालचा पैनगंगा चुनखडक घासून गुळगुळीत झालेला आणि समांतर ओरखड्यांनी भरलेला आहे. बर्फाच्या तळात अडकलेल्या दगडांनी सुमारे 29 कोटी वर्षांपूर्वी ते ओरखडे काढले. ज्या चंद्रपूरचा उन्हाळा आज देशभर बातमीत असतो, तिथे तेव्हा हिमनद्या होत्या. भारत त्या काळी गोंडवन भूखंडाचा भाग होऊन दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ होता.

गाळ साचला म्हणजे खडक झाला, असे मात्र नाही. पैठणजवळ गोदावरीत आज दिसणारी वाळू पुढच्या काही पुरांत खाली सरकणार आहे. गाळ टिकायला तळ सतत खचत राहावा लागतो, म्हणजे आधीचा थर झिजण्यापूर्वीच त्यावर नवा थर येऊन त्याला झाकतो. वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी यांच्या कडेने जाणारा लांबट पट्टा दोन्ही बाजूंच्या विभंगांमुळे, म्हणजे ज्यांवरून जमीन सरकते अशा भेगांमुळे, कोट्यवधी वर्षे असाच खचत राहिला आणि म्हणूनच तिथे कोळसा सापडतो. या पट्ट्यातील वालुकाश्मात तिरके थर फार सुंदर दिसतात. प्रवाहाच्या दिशेने पुढे सरकणाऱ्या वाळूच्या लाटेचा उतार त्यांत जपलेला असतो, म्हणून त्यांचा कल मोजून प्राचीन नदीची दिशा काढता येते. येथील मोजमापे सांगतात की गोंडवन काळातील नद्या सामान्यतः उत्तर-वायव्येकडे वाहत होत्या. आजच्या वर्धा-प्राणहितेच्या ही जवळजवळ उलटी दिशा. नकाशावर दोन्ही बाण काढून पाहिल्यावर मी पहिल्यांदा माझेच मोजमाप चुकले असे समजलो होतो.

शेवटचा टप्पा शिलीभवनाचा, म्हणजे गाळाचा दगड होण्याचा. ताज्या चिखलाच्या आकारमानात निम्म्याहून अधिक पाणी असते. वरच्या गाळाच्या भाराने ते पिळून निघते, पापुद्र्यांसारखे चिकणमातीचे कण आडवे निजतात आणि पुढे खडक त्याच दिशेने सुटू लागतो. वाळूचे तसे नसते. तिचे कण दाबाने फारसे जवळ येत नाहीत, म्हणून त्यांना बांधायला संयोजक द्रव्य लागते. पोकळ्यांतून फिरणाऱ्या भूजलातून कॅल्साइट, सिलिका किंवा लोहाचे ऑक्साइड कणांभोवती बसते आणि वाळूचा दगड होतो. नागपूरजवळच्या कामठी-सिलेवाडा भागातील वालुकाश्माची तांबूस छटा ही या लोहसंयोजकाची. हे बांधणे सगळीकडे पुरे होत नाही, पोकळ्या शिल्लक राहतात, आणि म्हणूनच कामठी वालुकाश्मातील विहिरींना बेसाल्टमधील विहिरींपेक्षा सहसा चांगले पाणी असते.

खडक जितका जुना तितका कठीण, असे पुष्कळांना वाटते. कोकण किनाऱ्यावर काही ठिकाणी शंख-शिंपले आणि वाळू कॅल्साइटने बांधली जाऊन भरती-ओहोटीच्या पट्ट्यात फरशीसारखा खडक होतो, आणि जगात अन्यत्र अशा खडकात काचेच्या बाटल्याही अडकलेल्या सापडल्या आहेत, म्हणजे काही दशके त्याला पुरतात. तालचीरचा शेल मात्र 29 कोटी वर्षांनंतरही हाताने मोडतो आणि त्याच्या सुईसारख्या कपच्या होतात. कठीणपणा ठरतो तो संयोजक कोणता आणि किती, खडक किती खोल गाडला गेला होता आणि तिथे किती तापमान होते यांवरून. सामान्यतः दर किलोमीटर खोलीला 25 ते 30 अंश सेल्सिअस वाढ धरली, तर 200 अंशांच्या आसपासच्या खोलीपुढे आपण रूपांतरित खडकांच्या हद्दीत शिरू लागतो.

आता वर्गीकरण. पाठ्यपुस्तकातील तीन गट, म्हणजे कणजन्य, रासायनिक आणि जैविक, पहिली वाटणी म्हणून ठीक आहेत, पण नाव देण्याच्या कामात ते लवकर अपुरे पडतात. कणजन्य खडकांना नाव कणांच्या आकारावरून मिळते, आणि त्याचे माप 1922 पासून वेंटवर्थ यांच्या श्रेणीने ठरते: 2 मिलिमीटरपेक्षा मोठे ते गोटे, 2 ते 0.0625 मिलिमीटर ती वाळू, त्याखाली सुमारे 0.004 मिलिमीटरपर्यंत गाळमाती आणि त्याहून बारीक ती चिकणमाती. गोट्यांचा खडक गोल कणांचा असेल तर पिंडाश्म आणि टोकदार तुकड्यांचा असेल तर कोणाश्म. हा भेद साधा वाटतो, पण त्यात प्रवासाचे अंतर लिहिलेले असते, कारण गोटे काही अंतर वाहत गेल्याशिवाय गोल होत नाहीत. गाळमाती आणि चिकणमाती भिंगाखाली वेगळ्या कळत नाहीत. तेव्हा आम्ही चिमूटभर दातांखाली घेतो: कचकच लागली तर गाळमाती, लोण्यासारखी लागली तर चिकणमाती. या पद्धतीने मी आजवर बराच खडक खाल्ला आहे. पापुद्रे सुटत असतील तरच शेल म्हणावे, एरवी पंकाश्म. अहवालांत सगळ्याच बारीक खडकाला शेल लिहून मोकळे होण्याची सवय मला चुकीची वाटते, कारण खाणीचे छत कसे तुटेल हे त्या पापुद्र्यांवर अवलंबून असते.

वालुकाश्माच्या बाबतीत आकार पुरत नाही, कण कशाचे हे पाहावे लागते. 95 टक्क्यांहून अधिक क्वार्ट्झ असलेला वालुकाश्म म्हणजे दीर्घ विदारण आणि लांब प्रवासानंतर उरलेली निवडक वाळू. काही वेळा जुना वालुकाश्मच पुन्हा झिजून त्याची नवी वाळू झालेली असते. 25 टक्क्यांहून अधिक फेल्स्पार असेल तर तो अर्कोज. फेल्स्पार कुजण्याआधीच कण गाडले गेले, म्हणजे ग्रॅनाइटचा उंच प्रदेश जवळ होता किंवा हवा थंड वा कोरडी होती. बराकर वालुकाश्म सहसा या बाजूचा. त्यातील फेल्स्पारची नंतर पांढरी माती झालेली असते आणि कोअर हाताळला की बोटे पिठाळतात. कणांमधील बारीक आधारक, म्हणजे मधल्या जागा भरणारा चिखल, 15 टक्क्यांहून अधिक असेल तर त्याला वॅक म्हणतात. असा गढूळ वालुकाश्म म्हणजे कण धुऊन निवडले जाण्याआधीच भराभर टाकला गेलेला गाळ. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कासार्डे परिसरात सिलिका वाळूसाठी खणला जाणारा कलादगी नावाचा खडक याच्या दुसऱ्या टोकाला बसतो, इतका तो क्वार्ट्झचा आहे. तो वालुकाश्म की क्वार्ट्झाइट, हे ठरवायला ताजा तुकडा फोडावा: भेग कणांना वळसा घालून गेली तर वालुकाश्म, कण चिरून गेली तर क्वार्ट्झाइट.

चुनखडकाशी आपला परिचय घरातच असतो, फक्त आपण त्याला त्या नावाने ओळखत नाही. शहाबादी फरशी चुनखडकाची आहे, आणि जुन्या स्वयंपाकघरातील ओट्याचा काळा कडप्पाही चुनखडकच. लिंबू कापून तसेच ठेवले की कडप्प्यावर निस्तेज डाग पडतो, तो आम्लाने कॅल्साइट खाल्ल्याचा. क्षेत्रात आम्ही हीच परीक्षा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने करतो. चुनखडक लगेच फेसाळतो, तर मॅग्नेशियमयुक्त डोलोमाइट मात्र चाकूने खरडून भुकटी केल्याशिवाय फारसा दाद देत नाही. शहाबादी फरशीचे पातळ, सपाट तक्ते सहज सुटतात, कारण तो चुनखडक बारीक चिखलाच्या रूपात संथ पाण्यात थराथराने साचला. इथे 'स्तरित' हा शब्द अगदी शोभतो.

चुनखडकाचे नामकरण 1959 मध्ये फोक यांनी आणि 1962 मध्ये डनहॅम यांनी नव्याने बांधले. फोक कण कोणते आणि त्यांच्यामध्ये चुन्याचा चिखल आहे की स्वच्छ कॅल्साइट, हे पाहतात. डनहॅम विचारतात की कण एकमेकांवर टेकलेले आहेत की चिखलात तरंगत आहेत. मला क्षेत्रात डनहॅम अधिक उपयोगी वाटतात, कारण त्या एका निरीक्षणातून पाणी खळबळते होते की शांत, हे कळते. कण टेकलेले आणि चिखल धुऊन गेलेला, म्हणजे लाटा. चिखल जास्त आणि कण तुरळक, म्हणजे निवांत तळ. गडचांदूर, आवारपूर, घुग्घूस येथील सिमेंट कारखाने ज्याच्या आधाराने उभे राहिले तो पैनगंगा चुनखडक बराचसा या बारीक चिखलाच्या प्रकारचा आहे. पाठ्यपुस्तकात 'चुनखडक शंख-शिंपल्यांपासून बनतो' असे वाचून विद्यार्थी त्यात शंख शोधत बसतात, पण हा खडक शंख-शिंपल्यांचे प्राणी पृथ्वीवर येण्याच्या फार आधीचा आहे. पाण्यातून थेट अवक्षेपण आणि सूक्ष्मजीवांचा हातभार, एवढ्यावरच तो घडला. म्हणून 'रासायनिक' आणि 'जैविक' यांमधली रेघ चुनखडकात अनेकदा पुसट होते, आणि तिच्यावर फार हुज्जत घालू नये.

शुद्ध रासायनिक खडक समजून घ्यायला उरण-पेणचे मिठागर पुरते. समुद्राच्या पाण्यात सुमारे 3.5 टक्के क्षार असतात. ते उन्हात आटू लागले की आधी थोडा कॅल्शियम कार्बोनेट, मग जिप्सम, आणि पाणी मूळच्या सुमारे दशांश उरले की मीठ बसू लागते. म्हणून जिप्सम आधीच्या कप्प्यांत राहते आणि मीठ शेवटच्या कप्प्यांत गोळा होते. समुद्राचा एखादा भाग तोडला जाऊन उष्ण, कोरड्या हवेत वारंवार आटला, तर हाच क्रम शेकडो मीटर जाडीच्या खडकांत मिळतो.

कोळशाचे स्थान वेगळेच आहे. वनस्पतींचे अवशेष सामान्यतः कुजून नाहीसे होतात. ते टिकायला पाण्याखालची, ऑक्सिजन न पोहोचणारी दलदल लागते. आधी पीट, मग लिग्नाइट, मग बिट्युमिनस कोळसा असा क्रम भार आणि उष्णतेने पुढे सरकतो आणि दर टप्प्यावर पाणी व वायू निघून कार्बनचे प्रमाण वाढते. वर्धा खोऱ्यातील मुख्य थर काही ठिकाणी 15 मीटरच्या घरात जातो. तो ग्लॉसोप्टेरिस या आता नामशेष झालेल्या झाडांच्या काळातील आहे. ही झाडे वाढली तिथेच गाडली गेली की पुराने वाहून येऊन साचली, यावर गोंडवन कोळशाबाबत जुना वाद आहे. कोअरमध्ये कोळशाच्या खाली मुळांच्या खुणा असलेली माती मिळाली तर मी पहिल्या बाजूला झुकतो, आणि कोळसा जास्त राख देणारा, वाळूच्या पातळ पट्ट्यांनी चिरलेला असेल तर दुसऱ्या. एकाच खोऱ्यात दोन्ही घडले असणे मला अशक्य वाटत नाही.

लमेटा थराचे नाव जबलपूरजवळच्या लमेटा घाटावरून आले. वरोऱ्याजवळ पिसदुरा येथे या थराच्या तांबड्या मातीत डायनासोरची हाडे आणि त्यांच्या विष्ठेचे अश्म मिळतात. 2005 मध्ये त्या अश्मांत गवताचे सूक्ष्म सिलिका-कण असल्याचे प्रसिद्ध झाले आणि डायनासोरांच्या काळात गवत होते हे त्यातून स्पष्ट झाले. लमेटाचा चुनखडक मात्र समुद्राचा नाही. कोरड्या ऋतूत जमिनीतील पाणी वर खेचले जाऊन मातीतच चुना बसत गेला. आपल्या शेतांत काळ्या मातीखाली चुनखडीचे पांढरे खडे निघतात त्याच जातीची ही प्रक्रिया, फक्त अधिक काळ चाललेली.

यावरून जांभ्याकडे वळतो, कारण 'जांभा गाळाचा का?' असे तुम्ही ओघात विचारले आहे. बहुतांश जांभा गाळाचा नाही. त्याचे द्रव्य कुठून आलेले नसते. मूळ खडकातील सिलिका आणि इतर विरघळणारे घटक पावसाने धुऊन गेल्यावर मागे राहिलेले लोह आणि ॲल्युमिनियम म्हणजे जांभा. जांभ्याचे लॅटेराइट हे इंग्रजी नाव फ्रान्सिस बुकॅनन यांनी 1807 मध्ये केरळातील अंगाडीपुरम येथील दगडावरून रूढ केले. मात्र कोकणात उंच सड्यांवरचा जांभा झिजून त्याचे खडे सखल भागात साचले आणि पुन्हा सांधले गेले असतील, तर तो भाग गाळाच्या व्याख्येत बसतो. घाटातून जाताना दोन लाव्हाप्रवाहांमध्ये दिसणारी तांबडी पट्टीही बहुधा खालच्या प्रवाहाच्या माथ्याची जागेवर झालेली माती किंवा बदललेली राख असते आणि वरच्या तप्त प्रवाहाने ती भाजली गेलेली असते. तिला सरसकट गाळाचा थर म्हणू नये.

पण लाव्हाच्या थरांमध्ये खरा गाळाचा खडक कधीच नसतो, असेही समजू नका. दोन उद्रेकांमध्ये शांततेचा काळ गेला, खोलगट जागी तळे झाले, की त्यात चिखल साचायला अवकाश मिळतो. मुंबईत वरळीच्या टेकडीवरील बेसाल्टखाली अशाच एका तळ्यातील काळसर शेलचे पातळ थर मिळाले आणि त्यांत लहान बेडकांचे सांगाडे विपुल सापडले. त्या बेडकाचे वर्णन ओवेन यांनी 1847 मध्ये प्रसिद्ध केले. वर-खाली अग्निजन्य खडक आणि मध्ये काही हातांचा गाळाचा, अशी ती मांडणी आहे. तिथे थर तिन्हींना आहेत, आणि वेगळेपण कळते ते फक्त मधल्या थराचे कण बारीक, पाण्यात बसलेले आणि पापुद्र्यांनी सुटणारे असल्यामुळे.